यादी बरोबर होती

विमलताई गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते टाइप केलं. सकाळची वेळ होती, नुकताच मशीनवर बसलो होतो, आणि एक पन्नाशीचे गृहस्थ वहीच्या कागदावर लिहिलेला मजकूर घेऊन काउंटरवर आले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, शंभर कार्डं पाहिजे होती आणि आजच पाहिजे होती. आमच्या धंद्यात मजकूर वाचायचा नसतो, नुसता बघायचा असतो. डोळे अक्षरं उचलतात, बोटं ती खाली ठेवतात आणि मन चहा अजून का आला नाही याचा विचार करत बसतं. ‘कालकथित विमल रमेश साळवे’ एवढं टाइप करून मी पुढच्या ओळीवर गेलोसुद्धा होतो. मग ते गृहस्थच म्हणाले, “आमच्या वहिनी. दौंडला असायच्या. आधी तुमच्याच इथं कामाला हुत्या ना... वळखत असाल तुम्ही.” ओळखत असाल म्हणे! मी मान हलवली आणि कसंबसं विचारलं, काय झालं होतं. कावीळ झाली होती, अंगावर काढली, कामावर जातच राहिल्या. वय एक्कावन्न. मी कार्ड पुरं केलं, प्रूफ काढलं आणि तीनदा वाचलं. प्रूफ तीनदा वाचायची बुद्धी मला नऊ वर्षं उशिरा झाली.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. विमलताईंबद्दल चांगलं लिहायला मला शब्द शोधावे लागणार नाहीत, पण हा लेख त्यासाठी नाही. एका चुकीचा आळ त्यांनी नऊ वर्षं वाहिला. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि ते मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. त्या असताना हे सांगायला मला जीभ नव्हती. आता छापून आणतोय, म्हणजे शौर्य किती ते वाचकांनीच ठरवावं.

शिरूरच्या बाजारपेठेत एका मेडिकलच्या वर आमचा प्रेस. मालकांना सगळे आप्पा म्हणत. पंचाण्णवच्या सुमाराला तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून मी तिथं लागलो तेव्हा विमलताई आधीपासून होत्या. दौंडच्या. वडील रेल्वेत गँगमन. तिथल्या टायपिंग क्लासमध्ये मराठीची परीक्षा पास होऊन, लग्न करून शिरूरला आल्या, आणि मुलगी तीन वर्षांची असताना नवरा गेला. मग तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टाइपरायटर मांडून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायच्या. आप्पांनी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यांना तिथून उचलून वर आणलं. माझ्यासारख्या कोर्सवाल्याला मिनिटाला वीस शब्द जमताना घाम फुटायचा. या बाई काउंटरवरच्या माणसाशी बोलत बोलत सातबाऱ्यावरून खरेदीखत उतरवायच्या, मान वर न करता. मी पहिल्याच आठवड्यात एका साठेखतात पूर्व आणि पश्चिम उलटी केली तेव्हा त्या म्हणाल्या, “नामदेव, अरे शेजाऱ्याचं रान उचलून दुसरीकडं ठेवलंस की तू. आता ते बिचारं पाणी कुठनं आणंल?” रागावणं त्यांना जमायचंच नाही, त्या असं चिमटे काढून शिकवायच्या.

तेव्हाचा प्रोग्राम काळ्या पडद्याचा. माउस नाही, चित्रं नाहीत, काळ्यावर पांढरी अक्षरं. पण त्यात एक सोय होती. एखादा लांब मजकूर एकदा नोंदवून ठेवायचा, त्याला दोन अक्षरांची खूण द्यायची, आणि पुन्हा ती दोन अक्षरं मारून एक कळ दाबली की सगळा मजकूर पडद्यावर उभा. आम्ही त्याला ‘शॉर्ट’ म्हणायचो. बाकीच्यांनी चार-दोन शॉर्ट केले असतील. विमलताईंचे सहाशेच्या वर होते आणि एकही कागदावर लिहिलेला नव्हता, सगळे डोक्यात. खरेदीखताची सुरुवात, चतुःसीमा, बक्षीसपत्राची अट, सरपंचाच्या दाखल्याची वाक्यं... हे सगळं तर होतंच, पण त्यांची खरी मिळकत वेगळी होती. लग्नपत्रिकांच्या याद्या.

आमच्याकडच्या पत्रिकेत लग्न कुणाचं हे दोन ओळीत उरकतं. बाकी सगळी भावकी. निमंत्रक, स्वागतोत्सुक, मामा मंडळी, आत्या, अगदी किलबिल करणारी पोरंटोरंसुद्धा. कुणाच्या नावाआधी श्री., कुणाच्या नावापुढे पाटील, कोण कुणाच्या वर, यावरून मांडव पडायची वेळ येते. ज्या घराची पत्रिका एकदा विमलताईंनी केली, त्या घराची यादी त्यांच्या शॉर्टमध्ये गेली. पुढच्या वर्षी त्याच घरचं दुसरं लग्न निघालं की दोन अक्षरं मारायची, अख्खी भावकी मानपानासकट हजर. त्यात मराठ्यांची घरं होती, माळ्यांची होती, आमच्यासारखी आजोबांपर्यंत मेंढरं राखणारी होती, आणि त्यांच्या स्वतःच्या वस्तीतली बौद्ध घरंही होती. त्या मजकुराची रीत वेगळी, तिथं कैलासवासी चालत नाही, कालकथित लागतं. एकाचं दुसऱ्यात कधी गेलं नाही.

आणि त्यांचा एक नेम होता. गावोगावची दशक्रियेची कार्डंही आमच्याकडेच यायची. ते कार्ड टाइप करून झालं की विमलताई आधी त्या घराची लग्नाची यादी उघडायच्या, गेलेल्या माणसाचं नाव निमंत्रकांतून काढून वर ‘यांच्या आशीर्वादाने’ या ओळीत न्यायच्या, आणि मगच चहाला उठायच्या. लग्न एवढ्यात नसलं तरी. मी एकदा म्हणालो, “ताई, एवढी काय घाई हाय? लगीन निघंल तवा ते सांगत्यालच की.” तर म्हणाल्या, “लगीन निघंल तवा त्यांच्या ध्यानात किती गोष्टी असत्यात. आन् नाव खाली ऱ्हायलं तर घरातल्या बाईनं काय करायचं रं? पुन्हा रडायचं?” नवरा गेलेल्या बाईला याच्यापुढे काय विचारणार?

नव्याण्णव साली सगळीकडे हवा होती की दोन हजार साल लागलं की जुने कॉम्प्युटर बंद पडणार. बँका बंद पडणार, विमानं पडणार आणि आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे शिरूरचा आमचा प्रेसही पडणार. म्हणून त्यांनी तीन नवी मशीनं घेतली आणि त्याच कंपनीचा नवा प्रोग्राम. पांढरा पडदा, माउस, दहा प्रकारची अक्षरं. पुण्याहून आलेल्या माणसानं तो टाकून दिला. विमलताईंनी त्याला एकच प्रश्न विचारला, माझे शॉर्ट यात येतील का? तो म्हणाला, येतील, जुन्या मशीनमधली फाइल फ्लॉपीवर घ्या, नवा प्रोग्राम आपोआप उचलतो. एवढं सांगून तो पुढच्या गावाला गेला. आठवडाभर विमलताई नव्या मशीनला शिवल्या नाहीत. “कोरी पाटी हाय ती,” म्हणायच्या. “माझं काय हाय तिच्यात?” शेवटी आप्पांनी मला फर्मावलं की नामदेव, तू कोर्स केलाय ना, बाईंचं सगळं उचलून नव्यात टाक.

ज्या दिवशी हे करायचं ठरलं त्या दिवशी विमलताईंना मुलीच्या शाळेत जायचं होतं. निघताना त्यांनी मला बजावून सांगितलं. “ड्रॉवरमधी माझी एक फ्लॉपी हाय, ती घेऊ नको. तिच्यावर दोन वर्सांमागची फाइल हाय. मशीनमधली ताजी फाइल नव्या फ्लॉपीवर घे आन् मग तिकडं टाक.” यापेक्षा सोपं कुणी सांगू शकत नाही. पण मला त्या दिवशी मुलगी बघायला जायचं होतं, भांडगावला. मामा एस.टी. स्टँडवर येऊन थांबणार होते, न्हावऱ्यावरून चौफुल्याची गाडी पकडायची होती. नवी फ्लॉपी घातली, ती खराब निघाली. दुसरी घातली, अर्ध्यात जाऊन अडकली. तिसरी आणायला खाली दुकानात जावं लागणार होतं. घड्याळ बघितलं... आणि ड्रॉवर उघडला. विमलताईंची फ्लॉपी एका फटक्यात चालली. मी तीन शॉर्ट मारून बघितले, तिन्ही आले. मी शर्ट नीट खोचला, भांग पाडला आणि पळालो. मुलगी पसंत पडली. ती आज माझी बायको आहे, आणि त्या दिवशी मला गाडी का चुकवायची नव्हती हे तिलाही हा लेख वाचूनच कळेल.

दुसऱ्या दिवशी विमलताईंनी आल्या आल्या विचारलं, “आणलंस सगळं?”

“आणलं.”

“मशीनमधलीच घेतलीस ना?”

“व्हय ताई.”

एवढंच. आयुष्यात मी बरंच खोटं बोललोय, सगळ्यांसारखं. पण इतकं छोटं आणि इतकं महाग खोटं दुसरं बोललो नाही. विमलताई खुर्ची ओढून नव्या मशीनवर बसल्या, एक शॉर्ट मारला, खरेदीखताची सुरुवात पांढऱ्या पडद्यावर धडाधड उतरली. दुसरा मारला, तिसरा मारला. मग हसल्या. “समदं बिऱ्हाड आलं की रं!” गेल्या दोन वर्षांत घरं जुनीच होती, नवे शॉर्ट जवळपास झालेच नव्हते, नुसती आतली नावं हलली होती, म्हणून उणं काही दिसलं नाही. दोन दिवसांनी आप्पांच्या सांगण्यावरून मी तीच यादी बाकीच्या दोन्ही मशीनवर टाकली. जुनं मशीन कोपऱ्यात सरकवून वर कापड घातलं. ताजी फाइल मी उद्या घेईन, परवा घेईन असं म्हणत होतो. नंतर लग्नसराई लागली आणि मी ते विसरलो. खरंच विसरलो. तिथपर्यंत मला माफी मिळू शकली असती असं मला वाटतं, पुढे नाही.

रांजणगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरचं लग्न होतं. मोठं घर, दीड हजार पत्रिका. विमलताईंनी शॉर्ट मारला, यादी आली, प्रूफ निघालं. घरचा एक माणूस येऊन तपासून गेला. त्यानं काय तपासलं? स्वतःचं नाव आणि जेवणाची वेळ. सगळे तेवढंच तपासतात. पत्रिका छापल्या, वाटल्या. आठवड्यानं दोघं जण प्रेसमध्ये आले. एक त्या घरचा चुलता, तोंडाचा पट्टा सुटलेला. दुसरा कंपनीच्या युनिफॉर्मवर, पहिल्या पाळीतून सुटून सरळ आलेला, अगदी शांत. हा बबन आबांचा थोरला मुलगा. बबन आबा त्या घरातले वडीलधारे, दीड वर्षापूर्वी वारलेले. पत्रिकेत ते निमंत्रकांत होते, पहिल्याच ओळीत, आग्रहाचं निमंत्रण देत.

चुलता काय काय बोलला ते सोडून देतो. तो मुलगा बोलला ते अजून कानात आहे. “आई अडाणी हाय माझी,” तो म्हणाला. “म्हणली, पत्रिका वाचून दाव. वाचत गेलो, तर आबाचं नाव. मी थांबलो. ती म्हणली, परत वाच. मी म्हणलं, आये, चुकून पडलंय ते. ती म्हणली, चुकून का व्हईना, परत वाच...” मग चुलत्यानं तोंड घातलं की कुणाकडनं लिहून घेतो आपण, तेबी बघायला पायजे. कुणाकडनं म्हणजे काय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. आप्पांनाही कळलं, आणि ते पाणी मागवायच्या उद्योगाला लागले.

विमलताई उठल्या, मशीनवर जाऊन ती यादी उघडली. बबन आबा खालीच होते. “मी हलवलं हुतं,” त्या म्हणाल्या, आधी आप्पांना, मग त्या मुलाला, मग पडद्याला. “दशक्रियेचं कार्डबी मीच केलं हुतं. त्याच दिवशी वर नेलं हुतं त्यांना... मला ध्यानात हाय.” पण पडदा सगळ्यांच्या समोर होता. मी कागदाचं बंडल हातात घेऊन दारात उभा होतो. मला एकदम लख्ख उमगलं काय झालंय ते. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. विमलताईंनी पडद्यावरची ओळ दोनदा बोटानं चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, “माझंच चुकलं असंल.” मी बंडल खाली ठेवलं आणि दुसरं आणायला गेलो.

पत्रिका पुन्हा छापल्या. दुसऱ्या दिवशी विमलताई एस.टी.नं त्या वस्तीवर एकट्या गेल्या, त्या माउलीची माफी मागायला. त्यांना कुणी जायला सांगितलं नव्हतं. आल्यावर म्हणाल्या, “नवी पत्रिका दिली मी त्यांना. तर म्हणाल्या, पहिलीबी ऱ्हाऊ द्या माझ्याकडं.” तिसऱ्या दिवशी प्रेसमध्ये मी एकटा असताना कोपऱ्यातल्या मशीनवरचं कापड काढलं, ते चालू केलं. काळ्या पडद्यावर ताजी यादी उघडली. बबन आबा वरच होते, आशीर्वादाच्या ओळीत, जिथं असायला हवे होते तिथं. एकटे तेच नाही, दोन वर्षांत गेलेली सगळी माणसं आपापल्या जागी होती. मी मशीन बंद केलं आणि कापड पुन्हा नीट चारी बाजूंनी खोचलं. नव्या मशीनवरच्या याद्या त्यानंतर मी गुपचूप एकेक करून दुरुस्त केल्या. म्हणजे बघा, काम मला जमत होतं. सांगणं तेवढं जमत नव्हतं. लग्न ठरलं होतं, नोकरी गेली असती, आप्पांचा स्वभाव माहीत होता... ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कामाचं नाही.

यानंतर त्यांचं जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मला वाटलं होतं चार दिवस बोलणी खातील आणि विसरतील. पण आपण नाव हलवलं हे त्यांना स्पष्ट आठवत होतं, आणि पडदा म्हणत होता हलवलं नाही. मशीनमधलीच फाइल आणली असं मी सांगितलेलं, त्यामुळे जुनं मशीन उघडून बघायचं त्यांच्या मनात आलं नाही; त्यांनी पडदा खरा धरला आणि स्वतःला खोटं. ज्या बाईच्या डोक्यात सहाशे शॉर्ट होते, ती आता एकेका शॉर्टला थांबायला लागली. प्रूफ चारदा, पाचदा. आणि याद्यांचं तर असं झालं की काउंटरवर आलेल्या माणसाला त्या एकेक नाव वाचून विचारायच्या, “हे हायेत ना?... हे?... आन् हे?” लग्नाच्या घाईत आलेला माणूस, त्याच्या बापाचं नाव घेऊन कुणी विचारतंय की हायेत ना! लोक खवळायचे. एक जण तर म्हणाला, “बाई, जरा शुभ बोला.” त्या खाली मान घालून म्हणायच्या, “रागवू नका, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई आताशा.” वय बेचाळीस. त्यांची ती मान बघून मी दुसऱ्या खोलीत जायचो. दुसऱ्या खोलीत जाणं ही माझी खासियत.

दोन महिन्यांनी आप्पा त्यांना म्हणाले, “बाई, तुम्हाला आता त्रास होतो. पोरं करतील काम. यादी आहेच की मशीनमध्ये.” बारा वर्षांत विमलताईंनी डोक्यात साठवलेलं सगळं आता तिन्ही मशीनवर होतं, कोणीही दोन अक्षरं मारावीत. ते तिथं मीच नेऊन ठेवलं होतं. विमलताईंनी वाद घातला नाही. डबा पिशवीत घातला, चष्मा घातला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “नामदेव, यादीकडं ध्यान ठेव. मरणाची खबर आली की लगीच हलवत जा. माझ्यावानी करू नको.” मी व्हय म्हणालो. मला व्हय म्हणायची सवयच होती.

विमलताई मुलीला घेऊन माहेरी दौंडला गेल्या. भावाच्या ओळखीनं कुरकुंभला एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या. शिरूर तालुक्यातली सगळ्यात हुशार टायपिस्ट खोक्यांवर चिकटपट्टी मारायला लागली, पाळीनं, उभ्यानं. मी हे ऐकलं आणि हळहळलो. हळहळायला काही लागत नाही.

चार-पाच वर्षांनी त्या मला दौंडला भेटल्या. मी सासुरवाडीहून काही कामाला आलो होतो, त्या कंपनीच्या बसमधून उतरत होत्या. वाळल्या होत्या, पण हसल्या तशाच. टपरीवर चहा घेतला. बायकोची, पोरांची चौकशी केली. प्रेसचं विचारलं. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “नामदेव, एक इचारू? तू तवा तिथं हुतास. त्या बबन आबांचं नाव... मी हलवलं हुतं का रं? तुला काय आठवतंय?” इतक्या वर्षांनी. टपरीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आप्पा नव्हते, नोकरीचं भय नव्हतं, लग्न होऊन दोन पोरं झाली होती. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवलेली नव्हती. मी म्हणालो, “सोडा ना ताई आता. किती दिवस झाले त्याला.” त्यांनी मान डोलावली. “व्हय,” म्हणाल्या, “तूबी किती ध्यानात ठेवशील.” चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. पुढे त्या भेटल्याच नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. दौंडला वस्तीतल्या विहारात वंदना झाली, चार माणसं बोलली, साधी जेवणं झाली. त्यांची मुलगी सुजाता आता शिक्षिका आहे. दुपारी पाहुणे पांगल्यावर ती मला घरी घेऊन गेली. म्हणाली, “आई तुमचं नाव घ्यायची, मामा. म्हणायची, मी नामदेवला शिकवलं.” मग आईबद्दल सांगत राहिली. कंपनीत त्यांना लाइनवर तपासनीस करणार होते. बसून काम, उभं राहायला नको, प्रत्येक खोक्याच्या खेपेला फक्त सही करायची. दर वर्षी साहेब विचारायचे, दर वर्षी त्या नाही म्हणायच्या. “म्हणायची, मला सही करायला लावू नका, माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई, माझ्या हातनं एकदा मोठी चूक झालीया.” सुजातानं माझ्यापुढे चहा ठेवला, स्वतःचा कप घेतला. “पाय सुजायचे तिचे, मामा. तरी उभीच.”

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. फ्लॉपी, भांडगाव, ‘व्हय ताई’, कोपऱ्यातलं मशीन, टपरीवरचा चहा. काही वगळलं नाही. ती ऐकत होती. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, म्हणजे तिथंही मी स्वतःचंच बघत होतो.

“म्हंजी आईचं डोकं बरोबर हुतं,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर हुतं. यादी बरोबर हुती.”

“आन् हे तिला ठावं न्हवतं.”

“न्हाई.”

तिनं हातातला कप खाली ठेवला. “मग आता मला सांगून मी काय करू मामा याचं?” याचं उत्तर मला अजूनही आलेलं नाही. म्हणून तर इथं लिहितोय, की निदान ज्यांच्या ज्यांच्या पत्रिका त्यांनी केल्या, ज्यांनी त्यांना बोल लावला, त्यांनी वाचावं. विमल साळवे यांनी बबन आबांचं नाव त्याच दिवशी हलवलं होतं. त्यांच्या ध्यानात सगळं राहत होतं.

सुजाताला तिच्या सख्ख्या मामाच्या घरी जायचं होतं, मला गाडी धरायची होती. दोघंही बरोबर निघालो. तिनं दाराला कुलूप लावलं, किल्ली फिरवली, कुलूप ओढून पाहिलं. मी शेजारीच उभा होतो. आम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आलो तशी ती थांबली, मागे गेली, कुलूप पुन्हा ओढलं आणि परत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सवय हाय. आईनं लावलेली. ती म्हणायची, आपल्या घरात कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, हात लावून बघत जा.” रस्त्याला लागलो आणि तिची पावलं पुन्हा हळू झाली. ते कुलूप लागताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘लागलंय सुजाता, मी बघितलंय’ एवढं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा... पण माझ्या सांगण्यावर तिनं का म्हणून विश्वास ठेवावा? ती वळली आणि कुलूप बघायला परत गेली.